माळकऱ्याची मांजर

सोमवारी सकाळी हळदी चुलीकडून उंबऱ्याकडे निघाली आणि वाटेतल्या पाण्याच्या घागरीवर सरळ जाऊन आपटली. घागर काही आज नवीन ठेवलेली नव्हती. साधना या घरात लग्न होऊन आली त्याच्याही आधीपासून ती त्याच जागी होती. मांजर थबकली, घागरीला मिशा लावून तिनं अंदाज घेतला आणि मग भिंतीला अंग घासत घासत बाहेर गेली. साधना दारापर्यंत तिच्या मागं गेली.

"जेवली का हळदी?" ओसरीवरून सासऱ्यांनी विचारलं.

"जेवली मामा," साधना म्हणाली. ताटलीतला दूधभात होता तसाच होता. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण गेल्या चार दिवसांत चांगली लागली होती.

तिला खोटं बोलावं लागे, कारण हळदी जेवली नाही तर सोनाजीमामा जेवत नसत. त्यांची बायको मिराबाई दोन वर्षांमागं गेली, तेव्हापासून म्हाताऱ्यानं अन्नावरची वासनाच टाकली होती. साधनाचा नवरा सोमेश्वर ट्रकवर, महिना महिना बाहेर. तो फोनवरून "बाबा, जेवत जा" म्हणायचा आणि बाबा फोन ठेवून ताट सरकवायचे. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. अशात शेजारच्या हळदीच्या ढिगातून हे पिवळंधमक पिल्लू कुठून तरी आलं आणि थेट त्यांच्या ताटाशी येऊन बसलं. त्यांनी एक घास त्याला दिला, ते जेवलं. मग एक स्वतः घेतला. तेव्हापासून घरात नियमच झाला. आधी देवाला नैवेद्य, मग हळदीला घास, मग स्वतःला. साधनानं त्या पिल्लाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आता गंमत अशी, की हळदी पडली माळकऱ्याची मांजर. सोनाजीमामांच्या गळ्यात चाळीस वर्षांपासून तुळशीची माळ. संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ चालतो, त्याला सुरुवात त्यांच्या आवाजानं होते. मटण-मासळीचं सोडाच, अंडंसुद्धा या घराचा उंबरा कधी ओलांडून आत आलं नव्हतं. साधना गावच्या शाळेत खिचडी शिजवते. कधी लेकरांना अंडी द्यायची असली की उकडायचं काम तिच्याकडेच येई. सासऱ्यांनी त्याला आडकाठी केली नाही, फक्त त्या दिवशी नळावर डोक्यावरून पाणी घेऊन मगच घरात यायचं.

अशा घरात हळदीनं एके दिवशी उंदीर मारून आणला आणि मोठ्या कौतुकानं तुळशीपुढं ठेवला. मामांनी दिवसभर पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून घुंगरू आणलं आणि तिच्या गळ्यात बांधलं. उंदरांच्या कैक पिढ्यांना जे जमलं नाही ते एका माळकऱ्यानं करून दाखवलं, म्हणून गाव हसलं. घुंगराचा आवाज ऐकून उंदीर पळायला लागले, चिमण्या उडायला लागल्या. हळदीला ताटाशिवाय आधार उरला नाही.

आणि ताटाची काळजी घ्यायला साधना होतीच. शाळेच्या स्वयंपाकाच्या खोलीत एक तक्ता टांगलेला आहे, समतोल आहाराचा. तांदूळ किती, डाळ किती, मोड आलेली मटकी, पालेभाजी, दूध. त्यावर दोन दिवसांचं शिबिरही तिनं केलं होतं. हळदीला वाढवायचं तर शास्त्रानुसारच वाढवू, असं तिनं ठरवलं. मानधन वेळेवर येत नसे, घरात दूध अर्धा लिटर, तरी हळदीच्या वाट्याचं दूध निघावं म्हणून ती स्वतः कोरा चहा प्यायला शिकली. वरणभात तुपाच्या थेंबासकट, मटकी कुस्करून, मेथीचं पाणी. एवढ्या निगुतीनं तिनं सोमेश्वरलासुद्धा कधी जेवू घातलं नव्हतं, आणि याचा तिला मनातून भारी अभिमान होता.

म्हणून घागरीचा प्रकार पाहिल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं ते असं, की आपण इतकं करतो आहोत तरी हिला झालंय काय?

शाळेत तिच्याबरोबर नानीबाई काम करते. ती पलीकडच्या तांड्यावरची, वयानं मोठी, बोलायला सडेतोड. साधनानं तिला सगळं सांगितलं. मांजर आपटते, उडी चुकते, थोडं चाललं की धापा टाकते. नानीबाईनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि उद्याच कळमनुरीला जनावरांच्या दवाखान्यात ने म्हणाली. मांजरासाठी दवाखाना, हे ऐकून गाव पुन्हा हसेल, असं साधनाच्या मनात आलं. पण ओसरीवर बसलेला म्हातारा डोळ्यांपुढं आला आणि तिनं मंगळवारची अर्धी रजा मागितली. मामांना तिनं शाळेच्या कामानं जाते म्हणून सांगितलं.

दवाखान्यात दोन म्हशी आणि एक लंगडणारा बैल यांच्या मागं साधना टोपलं मांडीवर घेऊन बसली. वर लुगड्याचा तुकडा बांधलेला, आत हळदी गप्प. टोपल्यात कोंबडी आहे का, असं दोघांनी विचारलं. तिनं मान हलवली आणि कुठे तरी दुसरीकडेच बघत राहिली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हळदीच्या डोळ्यात बॅटरीचा उजेड पाडला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, हिला खायला काय घालता? साधनाला तेवढंच हवं होतं. तिनं तक्ता पाठ म्हणून दाखवला. दूध, भात, डाळ, मटकी, मेथी. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलंय.

"हा आहार चौथीतल्या मुलाला उत्तम आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण मांजराला मांसच लागतं, ताई. त्यातलं एक द्रव्य तिचं शरीर स्वतः पुरेसं बनवू शकत नाही. वर्ष-दीड वर्ष ते मिळालं नाही, की आधी डोळे जातात आणि मग हृदय."

"डोळे परत येतील ना?"

"नाही. गेले ते गेले. हृदय मात्र वाचेल, लगेच सुरुवात केलीत तर."

साधनाला पुढचं काही वेळ ऐकूच आलं नाही. आपण आपल्या हातानं, इतक्या मायेनं, हिला आंधळी केली, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की नांदेडला मांजराच्या खाण्याची पाकिटं मिळतात. साधनानं भाव विचारला आणि ऐकून खाली बघितलं. मग त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहून दिलं. चिकनच्या दुकानात कोंबडीची दिलं, म्हणजे हृदयं, मागायची, ती फार कोणी घेत नाही, स्वस्तात मिळतात. रोज मूठभर. कलेजी आठवड्यातून एकदाच, जास्त नाही. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही घालायचं नाही. हलकं वाफवायचं आणि ते पाणी फेकायचं नाही, त्यातच कालवून द्यायचं. भात घातलाच तर चमचाभर. एक औषधही लिहून दिलं, ते नांदेडहून मागवावं लागेल म्हणाल्या.

"बाई, आमच्या घरी माळ हाये," साधना कसंबसं म्हणाली.

"मांजराच्या गळ्यात तर घुंगरू दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कात्रीनं त्याची दोरी कापून त्यांनी ते तिच्या हातात ठेवलं.

बुधवारपासून चोरीचा संसार सुरू झाला. नानीबाईचा नवरा खेमा वारंगा फाट्याला एका धाब्यावर कामाला होता. तो येताना दिलं आणायचा, नानीबाई तांड्यावर सकाळी वाफवायची आणि शाळेत येताना स्टीलच्या डब्यातून आणायची. पैसे साधना देऊ लागली तर नानीबाईनं पुढच्या मानधनावर बघू म्हणून हात मागं घेतला. दुपारी शाळा आटोपली की साधना डबा पदराखाली धरून मागच्या वाटेनं गोठ्यात शिरायची. एकुलती एक गाय दावणीला. गव्हाणीच्या आडोशाला बसून ती हळदीला पुढ्यात घ्यायची आणि कालवलेली वाटी तिच्या तोंडाशी धरायची.

हळदी खाईना.

साधनाला आधी वाटलं, पहिल्यांदाच वास घेतेय, बिचकली असेल. गुरुवारी तिनं बोटावर घेऊन ओठाला लावलं. मांजरीनं जिभेनं पुसून टाकलं आणि अंग आकसून ती भिंतीला चिकटली. गाईनं शेपूट हलवलं तरी दचकत होती. दिसत नव्हतं, आणि जागाही अनोळखी होती. शुक्रवारी साधनानं ती वाटी ओसरीत चोरून नेली, तर नेमके मामा देवळातून लवकर आले. वाटी पदरात लपवताना अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं आणि त्या वासानं ती रात्रीपर्यंत धास्तावून राहिली. तीनदा लुगडं धुतलं. मामांनी घुंगराचं विचारलं तेव्हा ते कुठे तरी पडलं म्हणून सांगितलं.

इकडे दुपारी मामांच्या हातून हळदी दूधभाताचे दोन घास तेवढे चाटायची आणि मान फिरवायची. मग मामाही दोन घास खाऊन ताट सरकवायचे. "आताशा झोप फार येऊन राहिली तिला," एवढंच म्हणायचे. शुक्रवारच्या हरिपाठात त्यांचा आवाज मधेच बसला. साधना घराबाहेर तुळशीपाशी उभी राहून देवळातून येणारा आवाज ऐकत होती आणि तिला दोन वर्षांपूर्वीचे ते दिवस आठवले, ते न हलवलेलं ताट आठवलं. मांजर गेली तर म्हातारा राहत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सोमेश्वरला फोन करावा असं वाटलं, पण तो गुजरातकडे होता आणि तिकडून तो काय करणार होता?

शनिवारी सकाळची शाळा. नानीबाईनं डबा दिला आणि खाल्लं का म्हणून विचारलं. साधनानं नाही म्हटल्यावर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"ती तुह्या हातचं न्हाई खायाची," ती म्हणाली. "आंधळ्या जिवाला वळखीचा हात लागतो. ती म्हाताऱ्याच्या हातचं खाईन."

"ते कसं व्हईन, नानीबाई?"

"मला काय इचारती? मी काय माळ घातली?" नानीबाई म्हणाली, पण तिचा आवाज मऊ होता.

घरी येईपर्यंत साधनाच्या डोक्यात एक विचार येऊन बसला होता आणि काही केल्या उठत नव्हता. दिलं अगदी बारीक कुस्करायची, दूधभातात मिसळायची. मामा वाटीतून हळदीचा घास उचलतात, तो तिला भरवतात. ताटातलं त्यांचं वेगळं. त्यांना कळायचंही नाही. त्यांची नजर आता अधू, आणि तपकिरीची जुनी सवय असल्यानं नाकाला वास यायचा नाही. एकदा मांजरीच्या पोटात गेलं की ती सुधारेल. ओसरी तर उंबऱ्याच्या बाहेर आहे, म्हणजे घरात तर काही येत नाही. असे हिशेब तिनं स्वतःशी घातले आणि त्यातला एकही तिला खरा वाटला नाही. तरी तिनं गोठ्यात बसून वाटी कालवली.

दीड वाजता मामा ओसरीवर पाटावर बसले. समोर ताट, शेजारी हळदी, दोघांच्या मधे वाटी. उन्हात गावभर शिजवलेल्या हळदीचा वास पसरला होता, आणि साधना त्या वासाचेही मनातून आभार मानत होती. मामांनी डोळे मिटून हात जोडले. पुटपुटणं संपलं. डोळे उघडून त्यांनी वाटीकडे हात नेला.

साधना दारात उभी होती. तिला वाटलं होतं की आपण नजर दुसरीकडे वळवू. पण तिला तो हात दिसत राहिला. वर शिरा उठलेला, बोटं जराशी कापणारी. चाळीस वर्षं त्या माणसानं जे जपलं ते मोडायला आता एका वितीचं अंतर होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. ती पुढे कधी झाली हे तिलाच कळलं नाही. तिनं सासऱ्यांचं मनगट धरलं. लग्नानंतर नऊ वर्षांत त्यांच्या पायाशिवाय तिनं त्यांना कधी हात लावला नव्हता.

"मामा, त्याला हात लावू नका."

मामा बघत राहिले. मग तिनं सगळं सांगितलं. घागर, दवाखाना, डोळे, नानीबाईचा डबा, गोठा. मधे मधे ती रडत होती, मधे मधे पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. सांगून झाल्यावर मामा उठले आणि अंगणातल्या हौदाकडे गेले. साधनाला पाण्याचा आवाज ऐकू येत होता. आता हे देवळात जाऊन राहतील, या घरचं पाणी पिणार नाहीत, सोमेश्वर येऊन विचारेल की तू माझ्या बापाला काय केलंस. ती तिथेच खांबाला धरून बसली. हळदी दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे तोंड करून वाट पाहत होती.

मामा परत आले, ओल्या तोंडानंच पाटावर बसले.

"म्या हात लावला असता तरी मला कळलं नसतं," ते म्हणाले.

"व्हय."

"मंग काहून धरला हात?"

"माळ तुमची हाये, मामा. तुमाला न इचारता मी कशी मोडू?"

मामांनी मांजरीच्या चेहऱ्यापुढं हात हलवून पाहिला. तिची पापणीसुद्धा हलली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा हलवून पाहिला.

"अन् म्या तिला कुठं इचारलं व्हतं," ते म्हणाले. "उंदीर आणला तिनं, तर म्या घुंगरू बांधलं. पुण्य करून राहिलो वाटलं मला. उपाशी मारलं म्या तिला."

त्यांना रडताना साधनानं मिराबाईंच्या वेळीही पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं मामांनी गळ्यातली माळ फिरवून मागं पाठीवर टाकली, सदऱ्याच्या आत सारली आणि वाटी जवळ ओढली. पहिला घास उचलताना त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. अर्धा घास जमिनीवर पडला.

"ये बाय," ते म्हणाले. रोज म्हणत तसंच.

हळदीनं आवाजाकडे मान वळवली. बोटांचा वास घेतला. मिशा त्यांच्या तळहाताला लागल्या. मग मांजरीनं खाल्लं. आधी हळूच, मग घाईघाईनं, आणि शेवटी गुरगुरत, दोन्ही पुढचे पंजे त्यांच्या मांडीवर ठेवून. वाटी संपल्यावर तिनं त्यांची पाचही बोटं चाटून काढली. मामांनी हात मागं घेतला नाही.

मग ते उठले. राखेनं हात घासले, मातीनं घासले, पुन्हा राखेनं घासले. डोक्यावरून पाणी घेतलं. आज हरिपाठाला कोणी तरी दुसऱ्यानं पुढं बसावं, असा निरोप त्यांनी देवळात पाठवायला सांगितला. लोक विचारतील, असं साधना भीतभीत म्हणाली, तर ते म्हणाले की लोकांना मी सांगीन, तू एक शब्द बोलायचा नाही. कोरडं धोतर नेसून ते पुन्हा पाटावर आले आणि वाढ म्हणाले. दीड भाकरी खाल्ली. साधनानं नजर चुकवून मोजली होती.

हळदी त्यांच्या पायाशी वेटोळं करून झोपली होती. मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ बसले.

"डोळे येतीन का तिचे परत?" त्यांनी विचारलं.

जीभ सवयीनं खोट्याकडे वळली होती. साधनानं ती आवरली.

"न्हाई मामा. डॉक्टरीणबाई न्हाई म्हनल्या."

"म्हंजी दुसऱ्याच्या हातचं ती खायाची न्हाई."

"न्हाई."

आजचा एक दिवस निभावला की झालं, असं त्यांनी धरलं असावं, कारण त्यांचा हात मांजरीच्या पाठीवर थांबला तो थांबलाच. आंघोळ आणि देवपूजा होईपर्यंत चाळीस वर्षांत त्यांनी पाण्याशिवाय कशाला हात लावला नव्हता. दिवसाची सुरुवात देवापासून, हे त्यांचं ठरलेलं होतं. ते देवघराकडे बघत राहिले. साधना उष्टं ताट हातात घेऊन उभी होती, तिला आत जायचं धाडस होत नव्हतं.

"नानीबाईला उद्या उजाडायलाच डबा घेऊन यायला सांग," मामा म्हणाले. "आंघोळीच्या आधी चारत जाईन तिला."